खलनायकाची साडी

सदाशिव अमरापूरकरांचा विषय निघाला की आमच्या घरात सरळ दोन तट पडतात. आमचे हे 'अर्धसत्य'वाले. रामा शेट्टीचं ते आरामात बसणं, आवाज न चढवता समोरच्याला गार करून टाकणं, यावर ते अजूनही अर्धा तास बोलू शकतात. (बोलतातही. तोवर चहा गार होतो.) मी 'सडक'वाली. १९९१च्या डिसेंबरात आलेल्या त्या सिनेमातली महाराणी माझ्या डोक्यातून गेलेली नाही. ती न जाण्याचं कारण नुसता अभिनय नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. संजय दत्त टॅक्सी ड्रायव्हर. पूजा भट्ट ही नात्यातल्याच माणसामुळे कोठ्यावर पोचलेली मुलगी. आणि त्या कोठ्याची मालकीण महाराणी, म्हणजे अमरापूरकर. साडी, कपाळाला टिकली, अंगावर दागिने आणि पुरुषाचा आवाज. महाराणी तृतीयपंथी आहे. सिनेमात अर्थातच हा शब्द नाही, तेव्हा तो फारसा कुणी वापरतही नव्हतं. पुढच्याच वर्षी फिल्मफेअरनं खलनायकासाठी वेगळं पारितोषिक सुरू केलं आणि त्याचे पहिले मानकरी ठरले आपले नगरचे अमरापूरकर, याच महाराणीसाठी. त्याआधी रामा शेट्टीसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचं मिळालं होतंच. म्हणजे फिल्मफेअरनं आमच्या घरातल्या दोन्ही तटांना खूश ठेवलेलं आहे. :-)

आम्ही पंतनगरला राहत होतो तेव्हा. थिएटरला जायचा योग आला नाही, पण वर्षभरात केबलवाल्यानं तो दुपारी-रात्री इतक्यांदा लावला की सगळ्या बिल्डिंगला पाठ झाला. पोरं गॅलरीत उभी राहून महाराणीसारखं हसायची. सुरुवातीला मीही हसले असेन, कारण अमरापूरकर ते काम करतातच असं. पण मला तेव्हापासून एक प्रश्न पडलेला आहे. या सिनेमात भीती नेमकी कशाची वाटते? मुली विकण्याची, की ज्यानं त्या विकल्या त्याच्या अंगावरच्या साडीची?

'सडक' हा स्कोर्सेसी यांच्या १९७६च्या 'टॅक्सी ड्रायव्हर'वर बेतलेला आहे, हे काही गुपित नाही. तिथेही टॅक्सीवाला आहे, रात्रीचं शहर आहे, धंद्याला लावलेली कोवळी पोर आहे. पण तिथला दलाल कोण? एक साधा पुरुष. गोडबोल्या, पोरीशी प्रेमानं बोलणारा, आणि म्हणून अधिकच किळस येणारा. आपल्याकडे कथा आली तेव्हा टॅक्सी राहिली, पोर राहिली, दलाल मात्र बदलला. त्याला साडी नेसवली. हा बदल इथे केला गेला, मुंबईत. कशासाठी? तर साधा पुरुष बायका विकतो याची आपल्या प्रेक्षकाला पुरेशी भीती वाटणार नाही, असं कुणाला तरी वाटलं असणार. हे वाटणं खरं होतं हीच तर पंचाईत आहे. मुलगी त्या दारापर्यंत पोचवणारे बाप, काका, नवरे, तिथे जाणारी गिऱ्हाइकं, हप्ता घेणारे, हे सगळे शर्टपँटमधले. त्यांच्याकडे बघून आपल्या अंगावर काटा येत नाही. रोज स्टेशनवर भेटतात ना!

माझी नात मास कम्युनिकेशन शिकते. तिच्या भाषेत याला 'क्वीअर सबटेक्स्ट' म्हणतात. दोन ओळींच्या मधलं वाचणं, असं मी त्याचं माझ्यापुरतं भाषांतर केलंय. उघड न बोलता, वेषातून, चालीतून, आवाजातून सुचवायचं की हा माणूस 'तसला' आहे. आणि गंमत अशी, की असं सुचवलं जातं ते बहुतेक खलनायकाबद्दलच.

ही खोड आपली एकट्यांची नाही. हॉलिवूडमध्ये १९३४पासून हेज कोडचा अंमल कडक झाला आणि समलिंगी माणूस पडद्यावर उघड दाखवायची सोय राहिली नाही. मग काय केलं? १९४१च्या 'माल्टीज फाल्कन'मध्ये पीटर लॉरे डिटेक्टिव्हच्या ऑफिसात येतो तेव्हा त्याच्या व्हिजिटिंग कार्डाला अत्तराचा वास असतो. बस्स. प्रेक्षकानं काय ते समजायचं. पुढे तीस वर्षांनी, कोड जाऊन तीन वर्षं झाली तरी, १९७१च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये जेम्स बाँडच्या मागावर मिस्टर विंट आणि मिस्टर किड ही जोडी आहे. खून करतात आणि हातात हात घालून चालू लागतात. शेवटी बाँड विंटला ओळखतो तोही वासावरूनच, दाढीनंतर लावायच्या सेंटच्या! म्हणजे कोड गेला तरी अत्तर काही गेलं नाही. व्हिटो रुसो नावाच्या अभ्यासकानं १९८१मध्ये 'द सेल्युलॉइड क्लोजेट' हे पुस्तक लिहिलं, त्यात मागे एक यादीच दिलेली आहे. कुठल्या सिनेमात असं पात्र कसं मेलं, याची. नातीनं मला ती दाखवली. मृत्यूच्या नोंदवहीसारखी यादी आहे.

महाराणीही शेवटी मरतेच. मेलाच पाहिजे... मेलीच पाहिजे. बघा, इथे माझ्यातली मराठीची बाई अडकली. आपल्या भाषेत क्रियापद लिंग विचारल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाही. इंग्रजीत निदान भूतकाळात सगळे सारखेच मरतात. मी महाराणीला 'ती' म्हणते, कारण ती स्वतःला महाराणी म्हणवते. तिचं बाकी काही ऐकायचं कारण नाही, पण निदान नाव तिचं तिनं ठरवलेलं आहे.

आता कुणी म्हणेल, बाई, पूर्वी काय खलनायक नव्हते? होते की. प्राण, प्रेम चोप्रा, अजित. आणि आपले निळूभाऊ. निळूभाऊ फुल्यांचा पाटील पडद्यावर आला की आमच्या आईच्या पिढीतल्या बायका खरोखर शिव्या घालायच्या. पण या सगळ्यांचं वाईटपण हे पुरुषाचं वाईटपण होतं. दारू, बाई, जमीन. प्रेक्षकातला पुरुष त्यांना ओळखत होता, कदाचित थोडंसं स्वतःतही ओळखत होता. अजितच्या शेजारी मोना असायची. मग सिनेमे मोठे झाले, अड्डे मोठे झाले. १९८०च्या 'शान'मध्ये शाकाल आला, तो सरळ बाँडपटातल्या ब्लोफेल्डच्या वळणाचा. टक्कल, बेट, बटणं, मगर. त्याला ना बायको ना पोर ना मोना. संसार नसणं हेच संशयाचं, अशी एक नवी रीत पडत गेली. आणि दशक संपता संपता तिच्यावर साडी चढली.

१९९१ हे साल मला फार बोलकं वाटतं. त्याच वर्षी 'मस्त कलंदर' आला, त्यात अनुपम खेर यांचा पिंकू. बायकी बोलणं, भडक कपडे, पुरुषांकडे बघून मुरकणं. एकाच वर्षात एक आपल्याला घाबरवायला आणि एक हसवायला. तिसरा प्रकार नव्हता. शेजारी, पोस्टमन, गणिताचे सर, असा कुणी नाही.

आणि त्याच पडद्यावर दोन नायक एकमेकांच्या गळ्यात गळे घालून मोटरसायकलवरून गाणं म्हणत जाऊ शकत होते, एकमेकांसाठी जीव देऊ शकत होते, त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. दिसू नयेच. माझं म्हणणं इतकंच की पुरुषानं पुरुषावर माया केली तर ती दोस्ती, हे नायकाला माफ. खलनायकानं नुसतं काजळ घातलं तरी ते त्याच्या पापाच्या खात्यावर!

'संघर्ष'बद्दल बोललं नाही तर हा लेख अपुरा राहील. १९९९ साल. आशुतोष राणांचा लज्जाशंकर पांडे. मुलं पळवतो, बळी देतो, अमर व्हायचंय त्याला. जीभ बाहेर काढून ती किंकाळी, आणि अंगावर साडी. त्यांनाही खलनायकाचं फिल्मफेअर मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं, झोप उडवली होती त्यांनी. हा सिनेमाही १९९१च्याच 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'च्या वळणाचा. तिथला खुनी बायकांची कातडी शिवून आपल्यासाठी बाईचं अंग तयार करत असतो. त्यात एका संवादात अगदी स्पष्ट सांगितलंय की हा माणूस खरा तसा नाहीच. पण डोक्यात काय राहतं? संवाद नाही राहत, आरशापुढे नाचणारा पुरुष राहतो. १९९२च्या ऑस्करच्या वेळी बाहेर निदर्शनं झाली ती याच कारणासाठी. आपल्याकडे 'संघर्ष'च्या वेळी कुणी थिएटरबाहेर उभं राहिल्याचं मला आठवत नाही. उभं तरी कोण राहणार होतं? जे रस्त्यावर उभे होते ते टाळ्या वाजवून दोन रुपये मागत होते.

मुलं पळवण्याची ही भानगड मात्र सिनेमावाल्यांनी शोधलेली नाही, ती बरीच जुनी आहे. मी इतिहासही शिकवायचे, म्हणून सांगते. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला हे आपल्याला माहीत असतं, कारण त्यात पारधी वगैरे जमातींचे जे हाल झाले त्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. मुलं पळवतात, त्यांना खच्ची करतात असा संशय असलेल्यांची नावं, मालमत्ता सरकारी नोंदवहीत लिहायची. नोंदलेल्यानं सार्वजनिक जागी बाईचे कपडे घातले किंवा नाचगाणं केलं तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. हे तेव्हा उत्तरेकडच्या प्रांतांत होतं, आपल्या मुंबई इलाख्यात नव्हतं. पण संशयाला प्रांताची हद्द नसते. आमच्या पंतनगरातही पोरं ऐकेनात की आया म्हणायच्या, थांब, हिजड्याला देऊन टाकते. १८७१चा कायदा कधीच गेला, आयांच्या तोंडी राहिला. लज्जाशंकर पांडे म्हणजे त्या कायद्यातल्या कलमाला दिलेला चेहरा आहे, असं मला फार वाटतं.

मी शाळेसाठी भांडुपला जायचे, सकाळची स्लो. बायकांच्या डब्यात एक जण नेहमी चढायची, घाटकोपरलाच. उंच, हिरवा चुडा. गर्दीत कुणा बाईचं तान्हं मूल असलं की ही ते कडेवर घ्यायची, बाईला पाससाठी पर्स चाचपायला हात मोकळा व्हावा म्हणून. रोजच्या बायका बिनदिक्कत मूल तिच्याकडे द्यायच्या. 'सडक' केबलवर सुरू झाल्यावर एक दिवस एक नवी बाई ओरडलीच, ए महाराणी, हात नको लावू! डबा हसला. तिनं मूल आधी घेतलेलंच नव्हतं, हात नुसता पुढे केला होता, तो मागे घेतला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. विक्रोळीला उतरली. रोज कांजूरला उतरायची.

आणि आमच्या वर्गात एक मुलगा होता. नववीतला. नाव नाही सांगत. अक्षर मोत्यासारखं, कविता म्हणायला उभा राहिला की बाकीचे गप्प. चालणं-बोलणं जरा मऊ. गॅदरिंगच्या नाटुकल्यात आदल्या वर्षी त्यानं आजीचं काम केलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या, हेडमास्तरांनी पेन दिलं होतं. ९२च्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि त्याचं नाव महाराणी पडलं. बाकावर खडूनं लिहायचे. तो उत्तर द्यायला उभा राहिला की मागून ते हसणं. मी तिघांना पकडलं, आईवडिलांना बोलावलं. एका वडिलांनी माझ्यासमोर मुलाला विचारलं, कुणाला म्हणता रे महाराणी? आणि त्या पोराकडे बघून ते स्वतःच हसले. वर्गात ते नाव थांबलं, मैदानावर थांबलं नाही. तो उभा राहून कविता म्हणायचा बंद झाला. दहावीला मामाकडे गेला.

बरीच वर्षं गेली. मग एकदा त्याचा फोन आला, कुणाकडून तरी नंबर मिळवून. आता चाळिशीच्या पुढे आहे, चांगल्या नोकरीत आहे, एका मित्राबरोबर राहतो. मित्र म्हणजे काय ते त्यानं सांगितलं आणि मला ते विचारावं लागलं नाही, हे बरं झालं. बोलता बोलता 'सडक'चा विषय मीच काढला. मला वाटलं होतं तो त्या सिनेमाला शिव्या घालेल. तर म्हणाला, "बाई, मी तो तेव्हा तीनदा बघितला. चोरून." का रे, म्हटलं. म्हणाला, "त्या सिनेमात महाराणी एकटीच कुणाला घाबरत नाही."

मी गप्पच झाले. या उत्तराचा मी पुष्कळ विचार केलाय आणि अजून ते मला पुरतं पचलेलं नाही. आपण म्हणतो, वाईट चित्रण झालं, बदनामी झाली. झालीच. पण ज्याला पडद्यावर आपल्यासारखं दुसरं कुणीच दिसत नाही तो जे दिसेल त्यातून आपल्यापुरतं काहीतरी काढून घेतो. तापलेल्या तव्यावरून भाकरी उचलावी तसं. हात भाजतो, पण भूक असते. अमरापूरकरांनी महाराणीला जो तोरा दिला, कुणापुढे मान न तुकवण्याचा, तो लिहिणाऱ्यानं दिला होता की त्यांनी स्वतः, कोण जाणे. नटाचं श्रेय म्हणून मी ते त्यांनाच देते. स्वस्त विदूषक करणं सोपं होतं, ते त्यांनी केलं नाही.

अमरापूरकर माणूस म्हणूनही सरळ होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते, नगरच्या सामाजिक कामांशी जोडलेले होते. २०१३च्या दुष्काळात वर्सोव्याला त्यांच्या सोसायटीजवळ होळीला पाण्याची उधळपट्टी चालली होती, ती थांबवायला गेले तर त्यांनाच धक्काबुक्की झाली. ते २०१४च्या नोव्हेंबरात गेले. त्यांना कुणी रस्त्यात महाराणी समजून दगड मारला नाही. खलनायक करणाऱ्याला एक कवच असतं, शूटिंग संपलं की साडी उतरते.

सगळ्यांची उतरत नाही. गणपत पाटील आठवतात? तमाशापटातले नाच्या. "आत्ता गं बया" म्हटलं की थिएटर डोक्यावर घ्यायचं. कोल्हापूरचा हा गुणी नट जन्मभर नाच्याच करत राहिला, आणि लोक त्यांना खरोखरच 'तसले' समजायला लागले. बायकामुलांचा संसार असलेला माणूस, पण त्याचा त्रास घरापर्यंत पोचला. २००८मध्ये गेले ते. बालगंधर्व बाईच्या वेषात आले तर घराघरातल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकल्या, आणि गणपत पाटील आले तर लोक हसून मोकळे झाले. दोघेही पुरुषच, दोघांच्याही अंगावर साडीच. एक शालूतली नायिका आणि एक फडातला नाच्या, हा फरक कलेचा थोडा, आणि कुणाच्या दिवाणखान्यात कुणाला बसवायचं याचा जास्त. हे आमच्या ह्यांना पटत नाही. ते बालगंधर्वांच्या बाबतीत एक शब्द ऐकून घेत नाहीत. असो.

'नटरंग' आला २०१०मध्ये, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, तेव्हा नाच्याचं दुःख पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर नीट आलं. पण बारकाईनं पाहा. अतुल कुलकर्णींचा गुणा हा पैलवान गडी आहे, फडाला नाच्या मिळेना म्हणून होतो. सिनेमा वारंवार आपल्याला खात्री देतो की हा 'तसला' नाही हं, खरा मर्द आहे. आपण त्याच्यासाठी रडतो ते या खात्रीवर. गुणा जर खरोखरच तसा असता तर आपण रडलो असतो का? चित्रपट मला आवडला, दोनदा पाहिला. पण हा प्रश्न दोन्ही वेळा घरी माझ्याबरोबर आला. पुढे २०२३मध्ये त्याच रवी जाधवांनी 'ताली' केली, गौरी सावंत यांच्या आयुष्यावर. २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथींना स्वतःचं लिंग स्वतः सांगण्याचा हक्क दिला, त्या खटल्यात गौरीताई होत्या. तेरा वर्षांत त्याच दिग्दर्शकानं बरीच वाट कापली, याचा मला आनंद आहे. काम सुश्मिता सेनचं, यावर नात नाराज. तिचं म्हणणं, तृतीयपंथी नट्या आहेत ना, मग त्यांना का नाही? बरोबर आहे तिचं.

हिंदीत मात्र कोठ्यावरची महाराणी अजून मेलेली नाही. २०१३मध्ये 'पानिपत'कार विश्वास पाटलांनी 'रज्जो' काढला तेव्हा महेश मांजरेकर बेगम झाले, पुन्हा कोठा, पुन्हा साडी. २०२२च्या 'गंगूबाई काठियावाडी'त विजय राज रझियाबाई झाले, गंगूबाईच्या विरुद्ध निवडणूक लढवणारी कामाठीपुऱ्यातली दांडगी. एकतीस वर्षं झाली 'सडक'ला. मधल्या काळात ३७७ कलमाचा निकाल २००९ला दिल्लीत लागला, २०१३ला उलटला, २०१८ला पुन्हा लागला. कोर्ट इकडून तिकडे जाऊन परत आलं, कोठा जागेवरच.

तृतीयपंथी कधी वाईट दाखवायचाच नाही, असं मी म्हणत नाही. वाईट माणसं सगळीकडे असतात, तिथेही असतील. सगळे संत करून ठेवले तर तेही खोटंच, आणि कंटाळवाणं! माझी तक्रार हिशोबाची आहे. मारवाडी सावकार खलनायक झाला तरी दुसऱ्या सिनेमात कुणी चांगला मारवाडी काका असतो. पाटील वाईट असला तरी पुढच्या शुक्रवारी चांगला पाटील येतो. यांच्या वाट्याला तीन वर्षांतून एकदा पडदा यायचा आणि तो आगीत, रक्तात, नाहीतर खिदळण्यात जायचा. चौदा वर्षांच्या पोराला बाकावर खडूनं नाव लिहायला तेवढं पुरतं.

आणि हे ज्यांनी केलं त्यांनाच दुसरंही जमत होतं, ही खरी हळहळ. 'सडक'वाल्याच महेश भट्टांनी सहा वर्षांनी 'तमन्ना' केला. पूजानंच तो काढला. त्यात परेश रावल टिक्कू आहेत, तृतीयपंथी. टाकून दिलेली तान्ही मुलगी उचलून आणतो आणि वाढवतो. मूल पळवणारा नव्हे, टाकलेलं मूल उचलणारा. त्याची गोष्टही एका खऱ्या माणसावरून घेतलेली. 'सडक' आमच्या बिल्डिंगला पाठ होता, 'तमन्ना' केबलवाल्यानं एकदा लावला असेल नसेल. मी अर्धाच पाहिला होता, पाहुणे आले होते.

नातीला आणि आमच्या ह्यांना दोघांनाही शेजारी बसवून तो पुरा बघायचा आहे. नेटवर शोधतेय, पण मिळाली ती प्रिंट फार खराब आहे, आवाज मागे आणि ओठ पुढे. ठाण्याच्या वन्संकडे जुन्या सीडींचं एक खोकं आहे, त्यात असेल तर त्यांनी कृपया बाजूला काढून ठेवावी. रविवारी मी येतेच आहे.